वसईच्या किल्ल्यातलं छप्पर नसलेलं चर्च

आमच्या उर्दू शाळेत जानेवारीच्या अखेरीस मुलांचं एक छोटं प्रदर्शन भरतं. यंदा इतिहासाच्या कोपऱ्यासाठी ‘आपल्या आसपासचे किल्ले’ असा विषय ठरला. मुख्याध्यापकांनी अट घातली की इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं चालणार नाहीत, फोटो शिक्षकांनी नाहीतर मुलांनी स्वतः काढलेले हवेत. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला वसई आली. भिवंडीहून वसई ती किती लांब? दिवा-वसई गाडीने तासाभराचा रस्ता. पण इतकी वर्षं इथे नोकरी करून मी तो किल्ला पाहिला नव्हता. जवळच्या गोष्टी राहूनच जातात.

वसईचा किल्ला म्हटला की चर्च आलीच. तटाच्या आत अर्धा डझनाहून जास्त चर्च आणि मठांचे अवशेष उभे आहेत. मी स्टाफरूममध्ये तसं बोलून दाखवलं तेव्हा आमचे एक जुने सहकारी, इतिहास शिकवणारे, म्हणाले, “किल्ल्याचे फोटो जरूर आणा, टीचर. बुरूज आणा, दरवाजे आणा. पण चर्चचे फोटो आपल्या शाळेच्या भिंतीवर कशाला? ज्यांनी हाजींची जहाजं अडवली, त्यांचीच ही चर्च ना?”

त्यांची गोष्ट खोटी नव्हती. घरी येऊन मी वाचलं. पोर्तुगिजांचा समुद्रावर अंमल असताना जहाजांना त्यांचा परवाना, ज्याला ‘कार्ताझ’ म्हणत, घ्यावा लागे. हजला जाणारी जहाजंही त्यातून सुटली नव्हती. १६१३ साली तर त्यांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ नावाचं मोठं जहाज पकडलं. ते खुद्द जहांगीर बादशहाच्या आईचं, मरियम-उझ-झमानी यांचं होतं आणि हाजींची ने-आण करत असे. हे वाचल्यावर सहकाऱ्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. तरीही रविवारी सकाळी मी कॅमेरा पिशवीत टाकला.

सोबत नववीतला मुलगा होता आणि सासूबाई, आमच्या अम्मा, होत्या. अम्मांना चर्च बघण्यात काडीचाही रस नव्हता. “समुद्राजवळ जाताय, पोरगं अवखळ आहे,” एवढ्याच कारणासाठी त्या आल्या. भाच्याने कॅमेऱ्याबद्दल बरंच समजावून पाठवलं होतं. सकाळी नऊच्या आत पोहोच, दुपारचं ऊन सावल्या खाऊन टाकतं. ट्रायपॉड नेऊ नको, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत त्याला परवानगी लागते. उंच इमारतीचा फोटो काढताना पुढे कुणाला तरी उभं कर किंवा बसव, म्हणजे उंची कळते. हा शेवटचा सल्ला मी अगदी मनावर घेतला आणि त्यानेच पुढे माझी फजिती केली.

खारबाव, कामण, जूचंद्र अशी स्टेशनं मागे पडली. वसई रोडला उतरून रिक्षा केली. पारनाका ओलांडल्यावर नाताळचे कागदी तारे अजून घरांच्या दारांवर लटकत होते. केळीच्या वाड्या, विहिरी, मधूनच एखादा क्रूस, पुन्हा केळी. मग रस्ता सरळ तटाच्या दरवाजातून आत शिरतो. तिकीट नाही, रांग नाही. एकेकाळच्या राजधानीत आपण आलो आहोत हे कळतसुद्धा नाही.

राजधानीच होती ती. इथे पहिली गढी पोर्तुगिजांची नव्हती, हे मात्र मला वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याचा सरदार मलिक तुघान याने इथे तटबंदी केली होती. हुमायूनच्या भीतीने सुलतानाला पोर्तुगिजांची मदत हवी झाली आणि डिसेंबर १५३४ च्या तहात त्याने वसई, आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटंही, त्यांना देऊन टाकली. तीन वर्षांच्या आत, १५३७ मध्ये, दीवच्या समुद्रात त्याच पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. वसई पोर्तुगिजांकडे दोनशेहून अधिक वर्षं राहिली. चौल, दमण या बाजूच्या त्यांच्या सगळ्या मुलखाचा कारभार इथून चाले. त्याला ते उत्तरेचा प्रांत म्हणत. इथला दगड थेट गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत वसईचा काळा दगड आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी लांबलेल्या वेढ्यानंतर किल्ला घेतला आणि पोर्तुगीज जहाजांत बसून निघून गेले. १७८० मध्ये इंग्रज आले. दुसऱ्या बाजीरावाने पेशवाई ज्या तहाने गहाण टाकली तो १८०२ चा तहही वसईचाच.

आत गेल्यावर आम्ही आधी फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये शिरलो. संत अँथनीचं हे चर्च. छप्पर केव्हाच गेलं आहे. बाजूच्या भिंतींना लहान लहान कमानींची दालनं, वर उघडं आभाळ, आणि कमानीच्या टोकावर उगवलेलं पिंपळाचं रोप. मशिदीच्या मेहराबीला हात लावताना जसा गारवा लागतो तसाच या कमानीच्या दगडाला होता. अम्मा दाराशीच थांबल्या. “मी इथे सावलीत बसते, तुम्ही काय ते करा.” मी आग्रह केला नाही.

आत मात्र जत्रा होती. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक जोडी, तिचा पायघोळ गुलाबी झगा उचलून धरणाऱ्या दोन मैत्रिणी, रंगीत धुराची नळकांडी घेऊन पळणारा पोऱ्या. दुसऱ्या कोपऱ्यात तीन मुलगे मोबाइल दगडाला टेकवून नाचाचा रील करत होते. आमच्या चिरंजीवांचे डोळे तिकडे. मी त्याला हाक मारली, “इकडे ये, असा मध्ये बस, मागे कमान आली पाहिजे.” तो येऊन जमिनीवरच्या एका मोठ्या फरशीवर मांडी ठोकून बसला. मी दोन फोटो काढले. उंची छान कळत होती. तिसऱ्या फोटोसाठी मी स्वतःही शेजारच्या फरशीवर गुडघा टेकला.

मागून आवाज आला, “बाई, मुलाला जरा बाजूला बसवता का? खाली माणूस झोपलाय.”

मी वळले. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात कापडी टोपी. सोबत त्यांच्या पत्नी आणि सुट्टीला आलेले दोन नातू. आवाजात राग नव्हता. वर्गातल्या मुलाला ‘पाय खाली घे’ म्हणावं तसं ते म्हणाले. मी खाली पाहिलं. ज्या फरशीवर माझा गुडघा होता तिच्यावर अक्षरं होती. रोमन लिपीतली, झिजलेली, कडेला नक्षी. माझा मुलगा बसला होता तिच्यावरही. आणि पलीकडच्या. आणि त्याच्या पलीकडच्या. आम्ही ज्याला चर्चची फरशी समजत होतो ते कब्रस्तान होतं.

मुलगा विंचू चावल्यासारखा उठला. मला तर जमीन फाटावी असं झालं. कब्रीवर बसू नये हे मी दहा वर्षं मुलांना शिकवते आहे. शबे-बरातला कब्रस्तानात गेलो तर अम्मा पदर सावरत, बोट दाखवत आम्हाला वाट करून देतात, ‘इथे नको, इथे आजोबा आहेत.’ एका यहुदी माणसाचा जनाजा समोरून गेला तेव्हा प्रेषित (स.) उठून उभे राहिले, ही हदीस मी याच मुलाला पाठ करून घेतली होती. आणि त्यालाच मी कमानीची उंची कळावी म्हणून एका मेलेल्या माणसाच्या छातीवर बसवला होता.

“माफ करा सर, कळलंच नाही,” मी म्हणाले. त्यांना ‘सर’ का म्हणाले कोण जाणे, पण शिक्षक शिक्षकाला ओळखतो. ते खरोखरच निवृत्त शिक्षक निघाले, आणि तेही मराठीचेच.

“कळत नाही कुणालाच,” ते म्हणाले. “झिजलंय सगळं. शाळेच्या सहली येतात, पोरं यावर लंगडी खेळतात.” मग त्यांनी नातवंडांना आणि आम्हाला त्या शिळा दाखवल्या. कुणी सरदार, कुणी त्याची बायको, कुणी पाद्री. काहींवर घराण्याचं चिन्ह. ते बोटाने अक्षर गिरवायचे, पण बोट दगडाला लावायचे नाहीत.

आता माझ्या हातून त्या दिवसाची दुसरी चूक झाली, आणि खरं सांगायचं तर कब्रीवर गुडघा टेकण्यापेक्षा ती मला जास्त लागली. ते इतकं स्वच्छ, ठेवणीतलं मराठी बोलत होते की मी भारावून म्हणाले, “सर, तुम्ही मराठी किती छान बोलता!”

शब्द तोंडातून निघाले आणि मी जागच्या जागी थिजले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. बी.एड.च्या वर्गात ऐकलं, पेपर तपासणीच्या केंद्रावर ऐकलं, बँकेत ऐकलं, नव्या शेजारणीकडून ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण तुम्ही घरातल्याच माणसाला ‘आमच्या घरी अगदी छान रुळलात हो’ म्हणालात तर त्याला काय वाटेल? मी भिवंडीची, कोकणी मुसलमान. माझ्या आजीला उर्दू येत नव्हतं. ती जी बोली बोलायची ती मराठीचीच बहीण होती. आणि आज मीच समोरच्या माणसाच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहून तेच वाक्य म्हणाले होते.

सर हसले. “हे मी तुम्हाला म्हणणार होतो, म्हणजे म्हणायचं टाळत होतो. सवयीने कळतं की म्हणू नये.”

मग आम्ही दोघंही इतके हसलो की दाराबाहेरून अम्मांनी काय झालं म्हणून वाकून पाहिलं.

बोलणं भाषेवर गेलं ते तिथेच रेंगाळलं. त्यांनी मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल विचारलं. ‘योगसंग्राम’ त्यांनी वाचला होता. मला फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ ठाऊक होतं. मराठी ओव्यांतलं ते पुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. लिहिणारा इंग्रज होता. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ‘हे कसे?’ म्हणणारे निघाले होते, ते सरांना आठवत होतं. मी त्यांना १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाबद्दल सांगितलं. आमची मुलं मात्र एव्हाना कंटाळून तिघंही भिंतीवरचे सरडे मोजायला गेली होती.

मला एक विचारायचं होतं आणि ते विचारू की नको असं होत होतं. शेवटी सहकाऱ्यांचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. हाजींची जहाजं, रहीमी, सगळं.

“बरोबर आहे त्यांचं,” सर शांतपणे म्हणाले. “गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथपर्यंत होता. या तटाच्या आत राहणारे साहेबलोक. आमचे पूर्वज तटाबाहेर भात लावत होते, मासे मारत होते. १७३९ ला हे लोक जहाजांत बसून गेले. आम्हाला कोण घेऊन जाणार? आणि आम्ही जाणार कुठे? आम्ही इथलेच.” मग शिळांकडे बोट दाखवून म्हणाले, “यांच्यात माझं कुणी नाही. पण माझी आजी इथून जाताना वळसा घालून जायची. हे कोण, चांगले की वाईट, तिला काय ठाऊक! ती जायची म्हणून मीही तसाच जातो.”

मी कॅमेऱ्यातले मुलाचे ते दोन्ही फोटो काढून टाकले. मग भिंतीला पाठ लावून, शिळांच्या कडेने, पुन्हा एक काढला. कुणीही माणूस नसलेला. त्यात कमानीची उंची कळत नाही. खालच्या कोपऱ्यात दोन शिळांवरची अक्षरं मात्र आली आहेत.

सर आम्हाला पुढे सेंट जोसेफच्या चर्चकडे घेऊन गेले. हे किल्ल्यातलं मुख्य चर्च, बंदराच्या दरवाजाजवळ. त्याचा उंच चौकोनी मनोरा लांबून दिसतो. दारावरचा लेख त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात, १६०१ साली, या चर्चची पुनर्बांधणी झाली, असा त्याचा मतलब. मूळचं त्याहून अर्धशतक जुनं. मनोऱ्यात गोल फिरत जाणारा दगडी जिना आहे. एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. खालून वर कॅमेरा धरला की पायऱ्या शंखासारख्या उलगडत जातात. हा फोटो भाच्याला फार आवडला. मला मात्र दुसरा आवडतो. मनोऱ्याच्या वरच्या कमानी, आणि त्यांच्यात काहीही नाही. फक्त आभाळ.

“घंटा कुठे गेल्या?” मुलाने विचारलं. दिवसभरात त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

१७३९ च्या विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, हे सरांनी सांगितलं, आणि पुढचं मलाही माहीत होतं, कारण नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली ती प्रसिद्ध घंटा आम्ही पाहिली होती. तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेल्या मरियमची आकृती आहे. हजरत मरियम (अलै.) आणि हजरत ईसा (अलै.) यांची आकृती असलेली घंटा कृष्णेच्या काठी देवळात वाजते. मुलगा म्हणाला, “मग परत मागत नाहीत?” सर म्हणाले, “वाजतायत ना अजून. इथे असत्या तर त्यांनाही पिंपळ फुटला असता.” हे ते थट्टेने म्हणाले की मनापासून, मला ठरवता आलं नाही. त्यांच्या पत्नीने मात्र त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं.

या सगळ्या वेळात अम्मांचं काय चाललं होतं ते सांगायलाच हवं. सरांच्या पत्नी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या होत्या. त्यांच्या घरची बोली वसईची, अम्मांची भिवंडीकडची कोकणी. दोघींनी थोडा वेळ शुद्ध मराठीत आणि हिंदीत अवघडून बोलून पाहिलं असावं. मी पोहोचले तेव्हा दोघी आपापल्या बोलीत सुरू होत्या आणि दोघींचं एकमेकींना नीट कळत होतं. विषय सुकटीचा होता. यंदा महाग झाली, आणि वाळवायला ऊन तेवढं पण अंगण राहिलं नाही.

साडेबारा होत आले. अम्मांची जोहरच्या नमाजची चुळबुळ सुरू झाली. सरांना ते लगेच कळलं. “आत चर्चमध्ये सावली आहे, गार आहे. करायची तर करा तिथे. कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर मी आहे.” मनाचा मोठेपणाच तो. पण अम्मांनी मान हलवली. “नको. ते तुमचं आहे.”

अम्मा शाळेत चौथीपर्यंत गेल्या आहेत. हजरत उमर (रजि.) यांची बैतुल मुकद्दसमधली गोष्ट त्यांनी मौलवीसाहेबांच्या बयानात ऐकलेली. शहर ताब्यात आल्यावर तिथल्या मुख्य पाद्र्यांनी, सोफ्रोनियस यांनी, त्यांना चर्चमध्येच नमाज पढण्याची विनंती केली, तेव्हा ते बाहेर आले. आपण इथे नमाज पढलो तर उद्या आपले लोक या जागेवर हक्क सांगतील, ही त्यांची भीती होती. त्या चर्चसमोर आज उमर यांच्या नावाची मशीद आहे आणि चर्च चर्चच आहे. सूरह हजच्या ४० व्या आयतीत मठ, चर्च, यहुदींची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा एकत्र उल्लेख येतो, तोही अल्लाहचं नाव घेतलं जातं अशा जागांच्या रक्षणासंबंधी. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी आयतीचा क्रमांक खिशातल्या डायरीत टिपून घेतला.

बाहेर झाडाखाली जानमाज अंथरता आली असती. पण हल्ली उघड्यावर कुणी नमाज पढताना दिसलं की कोण मोबाइल काढेल सांगता येत नाही. रील करणारी मुलं पन्नास पावलांवर होती. मी घुटमळले. तेव्हा सरांच्या पत्नी म्हणाल्या, “घरी चला. रिक्षाने दहा मिनिटं.”

त्यांच्या पडवीत आम्ही दोघींनी जोहर पढली. वुजूसाठी विहिरीच्या मोटरचं पाणी त्यांनी मुद्दाम सोडलं. दिशा विचारली तेव्हा सर म्हणाले, “त्या माडाच्या मागे समुद्र, म्हणजे पश्चिम.” घरात भिंतीवर मरियमची तसबीर होती, म्हणूनच त्यांनी आम्हाला पडवीत जागा झाडून दिली हे माझ्या नंतर लक्षात आलं. आम्ही न सांगता. चहा आणताना त्यांनी विचारलं, “चहा, केळी आणि सुकेळी. यात तर अडचण नाही ना?” अम्मांनी सुकेळीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि आपल्या डब्यातली भाकरी आणि जवळ्याची चटणी सगळ्यांपुढे उघडली. चटणी पहिल्यांदा संपली. तिथे मी कॅमेरा पिशवीबाहेर काढला नाही.

संध्याकाळच्या गाडीत मुलगा माझ्या कॅमेऱ्यातले फोटो चाळत होता. चौऱ्याऐंशी होते. बरेचसे वाकडे, काहींत कोपऱ्यात गुलाबी झगा. “अम्मी, आपला बसलेला फोटो कुठे गेला?” त्याने विचारलं. मी सांगितलं, काढून टाकला. “बरं केलं,” एवढंच म्हणून तो पुढचे बघू लागला. अम्मांनी फक्त एक फोटो मागितला, जुन्या आतल्या गढीच्या दरवाजाचा, जिथे १५३६ साल आहे. का विचारलं तर म्हणाल्या, “दगड चांगला घडवलाय.” आमच्या सासऱ्यांचं बांधकामाचं काम होतं. अम्मांना दगड कळतो.

शाळेत मी सहा फोटो लावले. बंदराचा दरवाजा, तट, गढी, मनोरा, जिना आणि शिळांचा तो माणूस नसलेला फोटो. आमचे इतिहासाचे सहकारी बराच वेळ त्यांच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, “टीचर, फोटो राहू द्या. पण खाली रहीमीचंही लिहा.” मी लिहिलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. सहाव्या फोटोखाली मुलांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं की या शिळा कबरी आहेत, वसईला गेलात तर बाजूने चाला.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सगळ्या फोटोंची आणि चिठ्ठ्यांची छायाचित्रं मी सरांना व्हॉट्सॲपवर पाठवली. सकाळी फजरनंतर पाहिलं तर उत्तर आलेलं होतं. फोटो उत्तम आले आहेत, पत्नी अम्मांच्या चटणीची कृती विचारते आहे, आणि सेंट जोसेफच्या चिठ्ठीत तुम्ही ‘पुर्नबांधणी’ लिहिलं आहे, ते ‘पुनर्बांधणी’ असं हवं. रफार ‘न’वर नव्हे, ‘बा’वर.

मी त्या दिवशी अर्धा तास लवकर शाळेत गेले आणि ती चिठ्ठी नव्याने लिहिली.